साडूंची जीभ आणि अळंबीची माती

रत्नागिरी जिल्ह्यात तोंडात घालता येईल अशी एकही वस्तू माझ्या साडूंनी चाखायची बाकी ठेवलेली नाही, आणि हे विधान मी माती, भिंतीचा गिलावा आणि टॉर्चचे सेल धरून करतो आहे. वाढवून सांगण्याचा माझा स्वभाव नाही. नवा सिलिंडर लावला की त्याच्यावर खडूने तारीख घालणारा आणि दुकानातून आणलेली डाळ घरच्या काट्यावर पुन्हा तोलून बघणारा मी माणूस आहे. माझ्या तोंडून ‘एकही’ हा शब्द निघतो तेव्हा तो पडताळूनच निघतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आम्ही सगळे ज्यांना अक्का म्हणतो त्यांचे, यजमान. पालीच्या बाजारापासून थोडं आत, कातळाच्या सड्याच्या उतारावर त्यांचं चिरेबंदी घर आहे. मी राहतो रत्नागिरी शहरात. म्हणजे आमच्यात अंतर बरंच आहे, पण ते पुरेसं कधीच पडलेलं नाही.

निवृत्त होईपर्यंत साडूंची नोकरी आंब्याचा रस डब्यात भरणाऱ्या एका कारखान्यात. नोकरी कसली, चाखणं. हंगामात रसाचा प्रत्येक घाणा त्यांच्या जिभेवरून जायचा आणि त्यांनी मान हलवली तरच पुढे डब्यात पडायचा. इतर लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात तिथे हे स्टीलचा चमचा लावत, आणि अजूनही लावतात. पुढे कारखान्यात गोडी मोजायचं यंत्र आलं. काचेवर रसाचा थेंब ठेवायचा, डोळ्याला लावायचं, आकडा वाचायचा. मला अर्थातच यंत्र पसंत पडलं. साडू म्हणाले, "ह्याला नुसता डोळा आहे ओ. जीभ कुठाय?" आणि यंत्र डोळ्याला लावायच्या आधी ते आकडा सांगायला लागले. माझा विश्वास बसेना म्हणून मी एक अख्खी दुपार रजा टाकून तिथे उभा राहिलो आणि दोन्ही आकडे ताडून पाहिले. फरक अर्ध्या अंशाच्या वर गेला नाही. एकदाच गेला, तेव्हा यंत्राची काच पुसायची राहिली होती असं निघालं. त्या दिवसापासून ते मला ‘हिशेबनीस’ म्हणतात. माझ्या नावाने त्यांनी मला हाक मारल्याचं मला आठवत नाही.

कारखान्यातलं चाखणं कारखान्यात ठेवावं, एवढी साधी गोष्ट त्यांना जमली नाही. लग्नाकार्यात आचारी आधी देवाला नैवेद्य काढायचा आणि लगेच मागच्या दाराने साडूंकडे पळीभर आमटी घेऊन यायचा. ते पळी नाकापाशी नेत आणि बहुतेक वेळा चाखायच्या आधीच सांगत, "मीठ दोनदा पडलंय. एकदा तू टाकलंस, एकदा तुझ्या भावाने." आचारी भावाला शिव्या देत परत जायचा. ‘उत्तम’, ‘छान’ असले शब्द साडूंच्या कोशात नव्हते. सर्वांत वरची पदवी म्हणजे ‘चालेल’. अक्कांनी उभ्या संसारात हा शब्द हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्याच वेळा ऐकला असेल, आणि प्रत्येक वेळी तो कुठल्या पदार्थाला मिळाला होता हे त्यांना तोंडपाठ होतं. माझ्या घराच्या वास्तुशांतीला हे आले, चपला काढल्या, पाहुण्यांनी भरलेल्या हॉलमध्ये कोपऱ्यातल्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "हिशेबनीस, वाळू खाडीची आहे तुमची. नीट धुतलेली नाही." कंत्राटदार तिथेच जिलेबी खात होता. त्याने हसण्यावारी नेलं. दोन पावसाळ्यांत भिंतीला मिठाचा पांढरा लोणा फुटला आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटायला लागले. मी दोरी लावून बांधकाम मोजलं होतं, पाण्याची पातळी नळीने तपासली होती, विटा मोजून घेतल्या होत्या. वाळू चाखायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अशा माणसाची जीभ गेली.

बोलायची जीभ नव्हे, ती ठणठणीत आहे. चाखायची गेली. ताप आला, त्या साथीत सगळ्यांना आला तसा, आणि उतरला. उतरताना चव आणि वास घेऊन गेला. इतरांना महिन्या-दीड महिन्यात परत मिळाले तसे ह्यांना मिळाले नाहीत. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल हळूहळू, काहींची येते, काहींची नाही. यातल्या किती टक्क्यांची येते असं मी विचारलं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही पेशंट आहात का?"

साडूंनी सुरुवातीला ही गोष्ट घरात कुणाला कळू दिली नाही. जेवताना पूर्वीसारखा चेहरा पाडायचा, पूर्वीसारखं ‘हूं’ करायचं. पण अक्कांनी ओळखलं. त्या मला चहाचा कप देताना सांगत होत्या, "मी एक दिवस मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. आमसूलही नाही. नुसती शिजवलेली डाळ वाढली. दोन वाट्या संपवलीनी आणि वर म्हणाले, छान झालीय." मग त्या पुन्हा म्हणाल्या, "छान म्हणाले ओ. आख्ख्या जन्मात कधी मला छान म्हणालेले नाहीत. आणि तेव्हा मला कळलं." मी चहात साखर किती आहे ते विचारलं.

मग उपाय सुरू झाले, आणि उपायांमध्येही साडू साडूच राहिले. कोकमाचं आगळ पाणी न मिसळता पिऊन पाहिलं. कडूजहर किराईत चावून पाहिलं. हिरव्या मिरच्या इतक्या खाल्ल्या की डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, फक्त चव आली नाही. "तिखट ही चव नाही, हिशेबनीस," ते डोळे पुसत म्हणाले, "ती नुसती मारामारी आहे." नाटे बंदरात त्यांच्या ओळखीच्या एका मच्छीमाराकडे जाऊन सुकवलेल्या जवळ्याच्या ढिगाशेजारी तासभर नाक लावून बसून आले. अंगाला असा वास मारत होता की एसटीत शेजारचे दोघे उठून उभे राहिले. ह्यांना तो वास येत नव्हता. लोक उठले म्हणून हे खिडकीपाशी ऐसपैस बसून आले, एवढाच फायदा.

आणि मग त्यांना अळंबी सुचली. पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणारी अळंबी ही आमच्याकडे सोन्यासारखी गोष्ट. त्यांच्या लहानपणी त्यांची आई ती चुलीच्या निखाऱ्यावर भाजून द्यायची, आणि जिभेवर पडलेली पहिली आठवणीतली चव तीच, असं ते सांगतात. त्यांचं म्हणणं असं की चव गेलेल्या जिभेला जागं करायचं तर तिला तिची पहिली ओळख दाखवायला हवी. यात शास्त्र किती, हे मी विचारलं नाही. त्यांनी पालीच्या बाजारात वाटे लावून बसलेल्या बाईकडून अळंबी आणली, भाजली, खाल्ली. काही नाही. दुसरा कुणी असता तर तिथे थांबला असता. साडूंनी दोष बाजाराला दिला. "अळंबीचा प्राण तोडल्यावर घटकाभर राहतो. ही सकाळी तोडलेली, दुपारी विकलेली. मेलेल्या माणसाशी ओळख काढतोय मी." तेव्हा ठरलं, अळंबी घरात उगवायची, आणि चुलीपासून हाताच्या अंतरावर तोडायची. वारुळावरची घरात येत नाही. आपल्या उकाड्याला टिकते ती पांढरी, जाड देठाची दुधी अळंबी. ती चालेल, असं त्यांनी स्वतःचं स्वतःशी ठरवून टाकलं. वाचायला, मोजायला आणि तोलायला मला बोलावण्यात आलं.

मला पहिल्या दिवसापासून खात्री होती की यातून काही निघणार नाही. अळंबी आली तरी चव येणार नाही, हे मला दिसत होतं. पण अक्का दाराआड उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेपुढे टक्केवारी सांगवेना.

भाताचा पेंढा भिजवून, उकळून, निथळून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरला आणि थरांमध्ये बियाणं पेरलं. इथपर्यंत सगळं सरळ झालं. माळ्याखालच्या अंधाऱ्या खोलीत टांगलेल्या पिशव्या बघता बघता पांढऱ्याशुभ्र झाल्या, पेंढ्यात सगळीकडे कापसासारखे तंतू पसरले. आता खरी परीक्षा. दुधी अळंबीची गंमत अशी की नुसत्या पेंढ्यावर ती फळ धरत नाही. पिशवीचं तोंड उघडून वर दोन बोटं जाडीचा मातीचा थर द्यावा लागतो. हा थर ओल धरतो, आणि त्यातून वर येताना अळंबीला कोंब फुटतात. थर भुसभुशीत हवा आणि आंबट तर अजिबात नको. आमची सड्यावरची तांबडी माती मुळातच आंबट. आंबटपणा मोजायची कागदी पट्टी तिच्या पाण्यात बुडवून पाहिली तर आकडा साडेपाचच्या आसपास, आणि हवा साडेसात. म्हणून त्यात चुनखडीची पूड घालायची आणि गोळे होऊ नयेत म्हणून थोडं जिप्सम. ओल धरण्यासाठी काथ्याचा भुसा. हे सगळं मी छापील माहितीपत्रकात वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की काथ्याचा भुसा दुकानात विटेसारखा दाबून मिळतो तो आणावा आणि गोड्या पाण्यात दोनतीनदा धुवावा.

"वीट?" साडू म्हणाले. "गुहागरला माझं आजोळ आहे, हिशेबनीस. माडांच्या सावलीत चालत गेलं तर समुद्रापर्यंत ऊन लागत नाही. आणि मी दुकानातून कुणा परक्या मुलखाची वीट आणू?"

"पण माहितीपत्रकात..."

"माहितीपत्रक लिहिणाऱ्याने नारळ कधी सोललाय का, ते विचारा आधी."

गुहागरहून पोतं आलं. मामांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या नारळाची सोडणं कुजत घालून, बडवून काथ्या काढतात, त्याचा राहिलेला भुसा. मऊ, तपकिरी, चाळणीने चाळल्यासारखा. बाजारच्या विटेला ह्याची सर नाही हे मलाही मान्य करावं लागलं. साडू त्यात हात घालून बसले आणि म्हणाले, "ह्याला धुवायचं काय? हा पाण्यातच वाढलाय." चुनखडीची पूडही विकत आणायची नाही असं ठरलं, कारण नाट्याच्या त्या मच्छीमार मित्राकडे कालवांच्या शिंपल्यांचा डोंगर पडला होता, आणि शिंपला म्हणजे चुनखडीच. रसायनाच्या हिशेबाने ते खरंच होतं. ती पूड करण्यासाठी ते अक्कांचा पाटा उचलायला गेले. अक्का पाट्यावर पाय देऊन उभ्या राहिल्या. "माझ्या पाट्यावर शिंपले? उद्या चटणीत दाताखाली येईल." "मला कळणार आहे थोडंच," साडू म्हणाले. अक्कांनी पाय काढून घेतला आणि आत निघून गेल्या. तेव्हा साडूंच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. मग त्यांनी पाटा जागेवर ठेवला आणि परसात चिऱ्यावर दगडाने शिंपले कुटत बसले, बराच वेळ, गरज होती त्याहून किती तरी बारीक.

मी काटा घेऊन बसलो. तीन भाग भुसा, एक भाग माती, शंभराला चार शिंपल्याची पूड, दोन जिप्सम. मी आकडा सांगायचा, त्यांनी ओतायचं. जिप्समची चिमूट त्यांनी सवयीने जिभेवर ठेवली आणि म्हणाले, "ह्याला मुळात चव नसते. म्हणजे आमची बरोबरी झाली." मिश्रण ओलं केलं. मुठीत आवळलं की गोळा व्हावा आणि बोटाने ढकललं की फुटावा इतकं. माझी पट्टी बुडवली. साडेसात. मी पुन्हा बुडवली. साडेसात. आयुष्यात इतका अचूक आकडा मला क्वचितच भेटला असेल. साडूंनी खिशातला चमचा काढला, मिश्रणाचं टोक त्यावर घेतलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. मी श्वास धरून बघत होतो. त्यांनी थुंकून टाकलं, चूळ भरली आणि कारखान्यातल्यासारखी मान हलवली. "चालेल."

मग भात उकडायच्या हंड्यात ती माती वाफवली, गार केली आणि पिशव्यांवर हलक्या हाताने पसरली.

पिशव्यांवर काहीच झालं नाही. मी दर रविवारी जात होतो. पहिल्या रविवारी साडू दारातच म्हणाले, घाई करू नका. दुसऱ्या रविवारी म्हणाले, हवा कोरडी आहे. पाणी शिंपडलं, ओली गोणपाटं टांगली, दार लावून घेतलं. तिसऱ्या रविवारी काही म्हणालेच नाहीत. मी पिशवी उजेडाला धरली. पांढरे तंतू पेंढ्यात भरगच्च होते आणि मातीच्या थरापाशी येऊन थांबले होते, वर कुणी झाकण लावल्यासारखे. एक तंतू वर चढला नव्हता. पट्टी बुडवली. साडेसात. मला त्या आकड्याचा राग यायला लागला. जे मोजायला सांगितलं होतं ते सगळं बरोबर होतं, आणि तरी खोलीत नुसत्या मातीच्या पिशव्या टांगलेल्या होत्या. साडू दिवसभर त्या खोलीत स्टुलावर बसून राहायचे. अक्का म्हणाल्या, "जेवायला हाक मारली की येतात, जेवतात, परत जाऊन बसतात. पूर्वी जेवताना नावं ठेवायचे तेव्हा मला राग यायचा. आता नुसते जेवतात ओ. जेवतात नि हात धुतात."

त्याच रविवारी त्या आमच्यासाठी चहा घेऊन अंधाऱ्या खोलीत आल्या. दाराशी टांगलेल्या पिशवीवर कडेला थर सुकला होता आणि त्यावर बारीक पांढरी पूड उठली होती. मला वाटलं बुरशी. साडूंना वाटलं तंतू वर आले, ते स्टुलावरून उठलेच. अक्कांनी कप खाली ठेवला, ती पूड बोटावर घेतली आणि जिभेला लावली. इतकी वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला त्याची सवय शेवटी अंगाला लागतेच.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे मीठ आहे."

त्यांनी बोट पुन्हा त्या पुडीला लावलं आणि पुन्हा चाखलं.

"हे खारट आहे ओ. चांगलं खारट. मामांकडे सोडणं कुठे कुजत घालतात?"

सोडणं खाडीत कुजत घालतात. खाडीला खारं पाणी असतं. हे गुहागरात, नाट्यात, रत्नागिरीत प्रत्येकाला माहीत आहे, आणि म्हणूनच आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुकानातली वीट आणली असती तर आम्ही ती परकी म्हणून निमूटपणे तीनदा धुतली असती. घरच्या भुशाला धुवायचं कसं, तो घरचाच. आणि माझी पट्टी आंबट सांगते, खारट सांगत नाही. पण मी पट्टीचा विचार करत नव्हतो. मी साडूंकडे बघत होतो. दुसऱ्याच्या घरातल्या भिंतीवरून बोट फिरवून खाडीची वाळू ओळखणाऱ्या माणसाने हेच मीठ चमच्यावर घेतलं होतं, जिभेवर ठेवलं होतं, डोळे मिटून ‘चालेल’ म्हटलं होतं. तापानंतर पहिल्यांदाच मला वाटलं की ते म्हातारे झाले आहेत. त्यांनी खिशातला चमचा काढला, अक्कांच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. अक्का तो चमचा हातात घेऊन उभ्या राहिल्या. ठेवायचा कुठे हे त्यांना कळेना.

प्रकरण इथे संपलं असं मी धरलं. पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. "हिशेबनीस, तुमच्या जिभेला काही काम आहे का?"

मी गेलो तर परसात विहिरीच्या काठावर पिंप मांडलं होतं आणि पिशव्यांवरून काढलेला सगळा थर त्यात भिजत घातला होता. पाणी काढायचं, नवं घालायचं, ढवळायचं, पुन्हा काढायचं. मीठ कधी संपलं हे कुणीतरी सांगायला हवं होतं. "अक्का?" मी विचारलं. "तिच्याकडून नको," ते पायाकडे बघत म्हणाले, "ती मला बरं वाटावं म्हणून सांगेल. तुम्ही माझं मन राखायला जाणार नाही. तुम्ही आकडा सांगाल." ही स्तुती होती की काय होतं, मला कळलं नाही. मी वाटीतलं तपकिरी पाणी जिभेच्या टोकाला लावलं.

"खारट आहे."

"किती?"

"बऱ्यापैकी."

"बऱ्यापैकी म्हणजे काय? नोकरीत असं बोलला असतात तर मी तुम्हाला आंबे उतरवायला पाठवलं असतं. समुद्रासारखं? अश्रूसारखं? पेजेत घालतो तसं?"

"पेजेपेक्षा जास्त. लोणच्यापेक्षा कमी."

"लोणच्याच्या फोडीपेक्षा की खारापेक्षा?"

मी पुन्हा चाखलं. जन्मात मी काही इतकं लक्ष देऊन तोंडात धरलं नव्हतं. दुपार उतरेपर्यंत मी पाणी चाखत होतो, थुंकत होतो, चूळ भरत होतो, आणि ते मला प्रश्न विचारून हैराण करत होते. मीठ जिभेच्या पुढे लागतं की कडेला? गिळल्यावर राहतं की जातं? अक्का ओट्यावरून ओरडल्या, "अहो, त्यांना जेवू तरी द्या." "जेवण्याआधी जीभ स्वच्छ असते, थांब गो." शेवटच्या पाण्याला मी म्हणालो, आता विहिरीच्या पाण्यासारखंच लागतंय. ते म्हणाले, "विहिरीचं आधी घ्या, मग हे घ्या. मग डोळे मिटून अक्काच्या हातून घ्या, कुठलं कुठलं ते न बघता." मला दोन्हींतला फरक ओळखता आला नाही. तेव्हा त्यांनी मान हलवली.

धुताना शिंपल्याची पूड वाहून गेली होती, म्हणून ती पुन्हा घातली. या वेळचे शिंपलेही आधी धुतलेले होते. पुन्हा काटा, पुन्हा पट्टी, पुन्हा वाफ. थर दिला. आणि काही दिवसांनी सकाळी माझ्या मोबाईलवर एक फोटो आला. तांबूस मातीतून टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके वर आले होते. खाली एक शब्दही लिहिलेला नव्हता. मी बायकोला दाखवला. तिने तो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "आता काय होणार हो?" आता काय होणार हे मला माहीत होतं, आणि तिलाही होतं.

अळंबी मुठीएवढी झाली तेव्हा आम्ही दोघं पालीला गेलो. अक्कांनी चूल पेटवून निखारे केले होते. साडूंनी आंघोळ करून धुतलेला शर्ट घातला होता. त्यांनी पिशवी चुलीशेजारी आणली, एक अळंबी देठापाशी पिळून अलगद तोडली आणि अक्कांनी ती तशीच निखाऱ्यावर ठेवली. तिच्यातून पाणी सुटलं, चर्र आवाज झाला, कड तपकिरी झाली. तोडल्यापासून एक चहा पिऊन व्हावा इतकाही वेळ गेला नव्हता. साडूंनी तिचे चार तुकडे केले, एक तोंडात घातला आणि डोळे मिटले. माझी बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. अक्का निखाऱ्यांकडे बघत होत्या, काही सारखं करायचं नसताना चिमट्याने सारखं करत.

त्यांनी खूप वेळ चावलं.

"मऊ आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "गरम आहे."

अक्कांनी चिमटा खाली ठेवला. मी मनात म्हटलं, झालं. पेंढा, शिंपले, गुहागर, सगळं यासाठी. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि त्यांनी तो पाडलाही नाही. त्यांनी दुसरा तुकडा माझ्यापुढे धरला.

"घ्या. आणि मला सांगा."

मी तोंडात घातला. "चांगली आहे."

"चांगली म्हणजे काय, हिशेबनीस?"

मी डोळे मिटले, कारण त्यांच्याकडे बघत मला सांगता आलं नसतं. म्हणालो, आठळीसारखी लागतेय, फणसाच्या. "उकडलेल्या की भाजलेल्या?" भाजलेल्या. "साल जळालेली?" थोडी जळालेली, एका बाजूला. आणि आत गोडसर आहे, पण साखरेसारखं नाही, पहिल्या पेजेच्या निवळीसारखं. "मीठ न घातलेल्या?" मीठ न घातलेल्या. आणि मग गिळताना मागे काहीतरी येतंय, मातीसारखं. "कसल्या माती..." ते म्हणाले आणि थांबले. मी सांगितलं, सारवलेली जमीन वाळत असते ना, अर्धी ओली, अर्धी वाळलेली, ती. मी डोळे उघडले. ते माझ्याकडे बघत होते. त्यांचा घास अजून गालातच होता. मी आणखी सांगत राहिलो, कडेचा कुरकुरीतपणा, देठाचा धागा, धुराचा वास किती आणि कुठे, माझ्याकडे होते नव्हते तेवढे सगळे शब्द. ते माझ्या बोलण्याबरोबर सावकाश चावत होते. मी थांबलो, तेव्हा त्यांनी घास गिळला.